लिंबाजीमामांचा खडू

आमच्या स्टेशनची जुनी इमारत मागच्या महिन्यात पाडली. दुसरी लाइन येतेय, विजेचे खांब तर आधीच उभे राहिलेत. निजामाच्या काळातली दगडी इमारत, हातभर जाड भिंती, तिकिटाच्या खिडकीवर कमान. जेसीबीनं दीड दिवसात सपाट केली. आमच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकले. एका फोटोत इमारतीमागं गवतात बुडालेले चार दगडी ओटे होते. खाली लिहिलं होतं, 'लिंबाजीनं पाडलेली टाकी. आठवते का कुणाला?' त्यावर एकानं हात जोडले, दोघं हसले आणि एकानं लिहिलं, 'म्हाताऱ्यानं ठोकून ठोकून जीव घेतला बिचारीचा.'

मी ते वाचलं आणि नेहमीसारखा फोन उपडा ठेवला. मग पुन्हा उचलला.

टाकी लिंबाजीमामांनी पाडली नाही. ती कशानं पडली ते मला माहीत आहे. ज्याला हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला नुकताच सांगून आलोय, म्हणून आता लिहायला बसलो. स्टेशनचं नाव लिहीत नाही. परभणीहून गंगाखेडकडं जाताना लागणारं एक लहान स्टेशन, एवढं पुरे. माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. हे छापून आल्यावर राहील की जाईल ते बघू.

मामा मूळचे पिंगळीकडचे. पोरसवदा वयात पूर्णेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस, म्हणून लागले आणि त्यांचं निम्मं आयुष्य वाफेच्या इंजिनाच्या पोटात गेलं. हे अक्षरशः सांगतोय. इंजिनाच्या भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला एकमेकांशी धरून ठेवणारे शेकडो लोखंडी दांडे असतात. ते आतल्या आत तुटले तरी वरून काही दिसत नाही. पण तुटलेले वाढत गेले तर एक दिवस भट्टीच फाटते आणि समोरच्या ड्रायव्हर-फायरमनचं काही शिल्लक राहत नाही. म्हणून भट्टी विझवून, निवू देऊन, कोळसा टाकायच्या तोंडातून एक सडपातळ माणूस आत सोडायचे. तो सडपातळ माणूस म्हणजे मामा. अंगाखाली ओलं पोतं, एका हातात रॉकेलची चिमणी, दुसऱ्या हातात बाभळीच्या दांड्याची लहान हातोडी. एकेक दांडा ठोकायचा आणि ऐकायचं. साबूत असला तर खणकन बोलतो. तुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की खिशातला खडू काढायचा आणि त्याच्याभोवती गोल करायचा.

हे त्यांना शिकवलं हैदराबादकडच्या एका उस्तादानं. उस्तादाची गोष्ट सांगताना मामा त्याच्याच आवाजात बोलायचे. "आंखां को मत पूछ रे लिंब्या. आंखां को क्या समजता? कान को पूछ."

शेडचा एक कायदा होता, तोही मामांनीच सांगितला. खडूचा गोल कुणी पुसायचा नाही. तो दांडा बदलला की ज्यानं केला त्यानंच पुसायचा. एकदा नवा फोरमन आला होता. पॅसेंजरला उशीर होत होता, इंजिन हवं होतं, त्यानं गुपचूप फडकं फिरवलं. उस्तादाच्या ते लक्षात आलं. त्यानं 'कुणी पुसला' असं विचारलंच नाही. हातोडी जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. ते बघून खलाशी बसले, फिटर बसले, कोळशावरचे हमालसुद्धा बसले. कुणी पुसला हे त्यातल्या चौघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नाव घ्यायचं नाही. पुसणाऱ्यानं स्वतःच चारचौघांत सांगायचं, तोवर काम बंद. फोरमन दोन तास इकडून तिकडं फिरला आणि शेवटी म्हणाला, "मैंने पोंछा." उस्ताद "बस" म्हणाला आणि उठला.

"पुढं त्यो फोरमन लय चांगला निघाला," मामा आवर्जून सांगायचे.

"पण पाहिलं होतं ना चौघांनी? मग सांगून मोकळं व्हायचं," मी म्हटलं होतं.

"दुसऱ्यानं नाव घेतलं की मानूस भांडाय लागतंय सायेब. सोताच्या तोंडानं घेतलं की मोकळं होतंय."

मी तेव्हा हसलो होतो. तेविशीचा होतो, रेल्वेच्या बांधकाम खात्यात नुकताच लागलो होतो. वाफेची इंजिनं गेली होती, रुंद रूळ पडत होते, आणि शेड बंद झाल्यावर मामांना आमच्या स्टेशनवर पंप चालवायला पाठवलं होतं. शेवटचं वाफेचं इंजिन निघालं तेव्हा पूर्णेत लोकांनी त्याला हार घातले, नारळ फोडले, इंजिनावर चढून फोटो काढले. मामा त्या फोटोत नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मयताबरूबर कोन फोटू काढतंय? अन आता हितून पुढं ऐकनारं कुनी न्हाई राहनार बघा. नुसते बघनारे येत्याल."

ऐकायची खोड मात्र त्यांना सोडवली नाही. दिसेल ते वाजवायचे. कलिंगड वाजवायचे, घराची भिंत वाजवायचे, नवा दरवाजा वाजवायचे. गंगाखेडच्या बाजारातला माठवाला त्यांना लांबून बघितलं की हात जोडायचा. "मामा, एक माठ फुकट न्या, पन बाकीचे वाजवू नका. गिऱ्हाईक ऐकायलंय." माझ्या बायकोनं हौसेनं आणलेला माठ त्यांनी एका टिचकीत नापास केला होता. "वैनी, ह्यो चार दिवसांचा सोबती हाय." तो सहाव्या दिवशी गळायला लागला, तर बायको मलाच म्हणाली, "दोन दिवस जास्त टिकला, सांगा तुमच्या मामांना." त्यांच्या लेकीला बघायला राणीसावरगावचा मुलगा आला, तर पाया पडायला वाकलेल्या त्या पोराच्या पाठीवर मामांनी थाप मारली आणि आत तोंड करून ओरडले, "खणखणीत हाय! चहा आना."

पण असं 'खणखणीत' ते क्वचितच म्हणायचे. 'बद्द' हलक्या आवाजात म्हणायचे, मेलेल्याचं नाव घ्यावं तसं.

स्टेशनबाहेर चहाचा गाडा होता, त्याच्यावर एका जुन्या लिंबाची सावली. मामांनी एके दिवशी त्या खोडावर हातोडीचा दांडा आपटला, पुन्हा आपटला आणि चहावाल्याला म्हणाले, "गाडा हालव रे. आतून पोकळ झालंय." चहावाला म्हणाला, "मामा, तुमच्या वाजवन्यानं झाडं पडाय लागली तर लाकूडतोड्यांची पोटं कशी भरायची?" सगळे हसले. महिन्याभरानं वळवाच्या वाऱ्यात ते झाड नेमकं गाड्यावर आलं. चहावाला दूध आणायला गेला होता, म्हणून वाचला.

दुसरीकडं असतं तर लोकांनी मामांचा मान वाढवला असता. आमच्याकडं उलटं झालं. मामांनी वाजवलं की मोडतं, असं बोलायला लागले. एका बाळंतिणीच्या सासूनं पाळण्यापाशी त्यांना बघून पाळण्यावर लुगडं टाकलं. मामांना ते दिसलं. त्यांनी हातोडी पाठीमागं लपवली आणि आल्या पावली परत गेले. मी तिथंच होतो.

आता टाकी.

इमारतीमागं, दगडी ओट्यांत रोवलेल्या चार पायांवर एक मोठा चौकोनी लोखंडी हौद होता, तोही निजामाच्या काळातला. जुन्या रुळांचे तुकडे एकमेकांना जोडून त्याचे पाय केले होते. वाफेची इंजिनं त्याचं पाणी प्यायची. इंजिनं गेल्यावर ते पाणी कॉलनीला जायला लागलं. टाकीखालीच एक नळ होता, बायका तिथं भरायच्या. दरसाल टाकीवर चढून, प्रत्येक जोड ठोकून बघून वहीत लिहायचं आणि सही करायची, हे काम माझं.

आणि मला उंचीची भीती वाटते. तिसऱ्या पायरीवर पाय थरथरायला लागतात. हे मी नोकरीला लागताना कुणाला सांगितलं नाही, नंतरही नाही. पहिल्या वर्षी मी शिडीला धरून नुसता उभा राहिलेला मामांनी बघितलं. काही विचारलं नाही. "तुमी खालीच थांबा सायेब. मी बोलतो, तुमी लिवा." वरून एकेक जोड ठोकत ते ओरडायचे आणि मी लिहायचो. शेवटी 'स्वतः चढून पाहिले' असं लिहून सही करायचो. दहा वर्षं हे असंच चाललं. मामांनी ते चहाच्या गाड्यावर थट्टेतसुद्धा कधी काढलं नाही.

मग मामा निवृत्त झाले. रुळांपलीकडं गावात खोली घेऊन राहिले. त्या वर्षी वर चढायला कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी मागच्या वर्षीचं पान समोर धरलं आणि उतरवून काढलं. चारही पाय सुस्थितीत. स्वतः चढून पाहिले. सही.

आठ महिन्यांनी मामा ऑफिसात आले. मला बाहेर बोलावलं.

"सायेब, चौथा पाय बद्द वाजायलाय."

"तुम्ही चढला होतात?"

"न चढून कसं कळंल? सात ठिकानी गोल केलेत. बघा चला."

मी जाऊन खालून बघितलं. काळपट लोखंडावर पांढरे सात गोल. एकाखाली एक, वरच्या जोडापासून खालपर्यंत.

त्या आठवड्यात मोठ्या साहेबांचं वार्षिक इन्स्पेक्शन होतं. रेल्वेत इन्स्पेक्शन म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. आठ दिवस आधीपासून झाडांना गेरू, दगडांना चुना. जे हलत नाही त्याला रंग. मी त्याच वेळी टाकी धोक्याची आहे असं लिहून द्यायला हवं होतं. पण मग कुणीतरी विचारणार, आठ महिन्यांपूर्वी तर तुम्ही चढून पाहिलंत आणि सुस्थितीत लिहिलंत. मग चढलात कसे, पाहिलंत काय. मी तो प्रश्न डोक्यात दोन दिवस फिरवला आणि तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याला टाकीवर चढवलं. रुपेरी रंग. "पायांनापण मारू का साहेब? कुनीतरी खडूनं लिवून ठिवलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. टाकी उन्हात चमकत होती. ते तिच्याकडं बघत राहिले.

"खडू पुसला?"

"रंग दिलाय मामा. साहेब येऊन जाऊ देत, मग बघू."

"पुसला का न्हाई तेवढं सांगा."

मी म्हटलं, "इन्स्पेक्शन झालं की लगेच काम काढतो. शब्द देतो."

"मग तवर अर्धीच भरा. भरून ठिवू नका. अन बायकांना खाली येऊ देऊ नका."

"सांगतो पंपावर."

सांगितलं नाही. पाहुणे येणार, पाणी कमी पडून चालणार नव्हतं. टाकी काठोकाठ भरली. इन्स्पेक्शन उत्तम झालं, स्वच्छतेची ढाल आमच्या स्टेशनला मिळाली. ढाल हातात धरून काढलेल्या फोटोत मी आहे. मागं टाकी आहे.

बारा दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला ती पडली. मी ऑफिसात होतो. आधी आवाज आला तो पाण्याचा. बाहेर आलो तर पाणी रुळांवरून वाहत होतं आणि त्यातून एक घागर तरंगत येत होती. खाली गेटमनची बायको कलाबाई होती. तिच्या आधी दोघी भरून गेल्या होत्या. तिचा मुलगा दत्ता नववीत होता, शाळेत गेला होता.

चौकशी वेटिंग रूममध्ये झाली. मला विचारलं, "टाकीवर अलीकडं कुणी चढलं होतं का?"

मी म्हणालो, "हो. निवृत्त खलाशी लिंबाजी."

"काय घेऊन?"

"हातोडी घेऊन."

"त्यांना परवानगी होती?"

"नव्हती."

तिन्ही उत्तरं खरी होती. मला एकही शब्द खोटा बोलावा लागला नाही. सावकाश मारायचं असेल तर खऱ्यासारखं हत्यार नाही, हे मी त्या खोलीत शिकलो.

मग मामांना आत बोलावलं. ते म्हणाले, "ठोकली. चौथा पाय बद्द वाजला. म्हून खडूनं गोल केले."

"कुठं आहेत गोल?"

 मामांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. कान दिलेल्या माणसासारखे ते स्तब्ध होते, आता आवाज येईल म्हणून. मी समोरच्या कागदांकडं बघत राहिलो. चौकशीवाल्यांनी पुन्हा विचारलं, "कुणाला सांगितलं होतं?" मामा माझ्याकडंच बघत म्हणाले, "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं." नाव काही घेतलं नाही. साहेब वैतागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. अहवालात आलं, की जीर्ण बांधकामावर अनधिकृतपणे वारंवार आघात केल्यानं जोड सैल झाले.

खटला वगैरे झाला नाही. त्याची गरजच पडली नाही. कलाबाईच्या नवऱ्यानं मामांच्या दारात येऊन छाती पिटून घेतली. पोरं त्यांना रस्त्यात गाठून म्हणायची, "मामा, आमचं घर वाजवू नका हां!" किराणावाला त्यांच्या हातात सामान द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा. दोन महिन्यांत मामा खोली सोडून लेकीकडं राणीसावरगावला गेले. सामान टेम्पोत चढवायला त्यांचा जावई एकटा होता. मी खिडकीतून बघत होतो.

माझी बदली झाली, पुढं बढतीही झाली. बारा वर्षं गेली. नव्या ठिकाणीही टाक्या होत्या, पूल होते. मी हाताखालच्या माणसांवर ओरडायचो, 'ठोकून बघितलं का?' ते म्हणायचे, साहेब लय कडक आहेत.

एका जानेवारीत मी राणीसावरगावला गेलो. मामा अंगणात शेळ्यांसाठी दावं वळत बसले होते. सत्तरी ओलांडलेली. मला बघून म्हणाले, "या सायेब. सुटलंय पोट." लेकीनं पाणी दिलं. ती आत गेल्यावर मी म्हटलं, "मामा, तो रंग मी मारायला लावला. गोल बघून लावला."

"हं."

"आणि त्या वर्षी मी वर चढलो नव्हतो. तसंच लिहिलं."

आता ते हसले, दात नसलेल्या तोंडानं. "त्या वर्षी म्हंजे? तुमी कवा चढला व्हता?"

मला रडू आलं. ते दावं वळत राहिले.

"मला काहून सांगायलाव? ह्यात मला म्हाईत नसलेलं काय हाय? कलाबाईचं पोरगं गंगाखेडला असतंय. गॅरेज टाकलंय म्हनं. त्याला सांगा."

"तो मारेल मला."

"मारंल की."

"मामा, लोक तुम्हाला अजून..."

"माझं ऱ्हाऊ द्या. ते पोरगं भलत्याच मानसावर राग धरून मोठं झालंय सायेब. त्याला खरा मानूस तरी द्या." त्यांनी दावं खाली टाकलं, टोपी घातली आणि पायात वहाणा सरकवल्या. "चला. अकराची बस हाय."

त्या दिवशी मी दत्ताकडं पोचलो नाही. तीन वर्षांनी मामा गेले. जावयाचा फोन आला होता. मी कामाचं कारण सांगितलं.

ग्रुपवरचा तो फोटो आल्यावर चौथ्या दिवशी मी गंगाखेडला गेलो. दत्ता पस्तिशीचा झालाय, कपाळावर केस मागं हटलेत. गॅरेजमध्ये तो एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, मला ओळखलं, स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं. तो मारणार नाही हे मला मध्येच कळलं आणि त्यानं जास्त भीती वाटली. हातातल्या फडक्यानं तो एकच बोट पुसत होता.

मग म्हणाला, "मामा गेले तवा निरोप आलता आमाला. बाप म्हनला, जायचं न्हाई. आमी गेलो न्हाई."

त्यानं फडकं बाजूला ठेवलं.

"मी त्येंच्या घरावर धोंडे मारलेत. त्या दोन महिन्यांत. रोज शाळंतून येताना. एकदा ते बाहेर आले, मला बघितलं अन आत गेले. मला वाटलं, भ्यायले." मग विचारलं, "तुमी शेवटी कवा बघितलं त्येंना?"

तेही मी त्याला सांगितलं.

मामा मला स्टॉपवर घेऊन आले होते. बस आली तशी त्यांनी माझा दंड धरून मला वर चढवलं आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "सायबाला गंगाखेडला उतरीव. मधी उतरू दिऊ नको, लय महत्त्वाचं काम हाय." लोक हसले. मीही हसलो. बस निघाली. पहिला फाटा दोन-तीनशे मीटरवर. मी कंडक्टरला म्हटलं, काहीतरी विसरलंय, आणि उतरलो.

बस पुढं गेली. धुरळा बसला. दोन्ही बाजूंचा ऊस तुटून गेलेला, रान मोकळं, रस्ता सुतासारखा सरळ. मागं वळून बघितलं तर मामा अजून स्टॉपवरच उभे होते, डोळ्यांवर हात धरून. मी त्यांना दिसत होतो. एवढ्या अंतरावरून माणूस ओळखू येतो.

वाटलं, आता ते हाक मारतील किंवा वळून घरी जातील. त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडं चालायला लागले. घाई नव्हती. उन्हातून, रस्त्याच्या मधोमध, एकेक पाऊल टाकत. मी फाट्यावर उभा होतो. ते निम्म्यावर आले तेव्हा फाट्यावरून आत जाणारा एक टमटम आला. तो कुठं चाललाय ते न विचारता मी हात केला आणि मागच्या फळीवर बसलो. तोंड मागंच होतं, त्यामुळं दिसत राहिलं. टमटम वळेपर्यंत मामा चालतच होते.